लाल बटणाचं गाऱ्हाणं

खोटं सांगत असेन तर बांगड्याचा काटा घशात अडको. माडावरून पडल्यापासून लवूचे दोन्ही हात लुळे आहेत. हनुवटीखालच्या लाल बटणाने तो व्हिडिओ गेम खेळतो. जत्रेतल्या अंतिम सामन्याआधी त्या बटणाची वायर कापलेली सापडली. "उंदराचा काम असतला," समोर खेळणारा चुलतभाऊ सर्वेश हसला. "नायतरी बटणच खेळता, तू खंय खेळतस?" लवू गावातर्फे देवाला साकडं घालणाऱ्या गावकार तात्यांना म्हणाला, "तात्यानू, गाऱ्हाणा घाला." तात्यांनी देवळाकडे हात जोडले. "बा देवा म्हाराजा, जेनी वायर कापल्यान, तेचे हात लवूसारके लुळे पडांदेत." "होय म्हाराजा," गाव असा गरजला की बंदरातल्या होड्या हलल्या.  सर्वेशचे हात मात्र खिशात गेले. लवू दुसरी वायर जोडून घेत म्हणाला, "तात्यानू, देवाक सांगा, सामनो संपासर थांब. ते हात आधी माका हरवचे आसत."