एक्केचाळीस नंबर

प्राचीनं वाफेच्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडवरचा रंग खरवडला आणि खालून ४४ हा आकडा निघाला. आजचा हा पाचवा परका भाग.

केबिनवरची पितळी पाटी ४१ म्हणत होती. पण शिटी ४२ची, उजवी टाकी ४३ची, रेग्युलेटरचा दांडा ४५चा आणि धुरांड्याची टोपी ४६ची. दुरुस्तीचा कारखाना होता की बारभाईचा कारभार, कोण जाणे.

सव्वाशे वर्षांपूर्वी अडीच फुटी रुळांच्या एका छोट्या लाइनीसाठी ही सहा इंजिनं सुट्या भागांत जहाजानं आली होती. पाण्याच्या टाक्या कुशीलाच, मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. त्या लाइनीवरची ही पहिलीच जात. पन्नास वर्षांपूर्वी लाइन बंद झाली, पाच इंजिनं भट्टीत गेली, आणि ४१ तेवढं जपायचं ठरलं. तेव्हापासून ते चेन्नईत एग्मोरच्या एका रेल्वे कचेरीच्या आवारात उभं होतं. आता तिथं पार्किंग होणार होतं. इंजिन अस्सल असेल तर नव्या शेडमध्ये जागा, नसेल तर भंगार. अस्सल आहे की नाही, ते आज तपासनीस म्हणून प्राचीनं लिहून द्यायचं होतं. मूळची नाशिकची ही मुलगी कागदावर खोटं लिहिणाऱ्यांतली नव्हती, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

तिनं त्या लाइनीच्या दुरुस्ती कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींना, बालाजीरावांना, अंबत्तूरहून बोलावून घेतलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचे तंजावरी मराठी गृहस्थ. खुर्ची दिली तरी ते इंजिनापाशी उभेच राहिले.

“प्रत्येक भागावर नंबर ठोकायची पद्धत तुमचीच ना?” प्राची म्हणाली. “खोलल्यावर ज्याचा भाग त्यालाच परत बसावा म्हणून. मग एवढी चूक कशी झाली?”

“चूक नाही, अम्मा. मीच केलों.”

त्यांनी सांगितलं ते असं. त्या कारखान्यात प्रत्येक फिटरला एकेक इंजिन नेमून दिलेलं असे. दुसऱ्या फिटरनं त्याला पाना लावायचा नाही. म्हणून मोडायचा हुकूम आला तेव्हा आपापलं इंजिन ज्यानं त्यानंच खोलायचं होतं. पाच जण हात बांधून बसून राहिले. कुणी पाना उचलेना. तेव्हा बालाजीरावांनी सांगितलं, आपापल्या इंजिनाचा एकेक भाग आणा, तो एक्केचाळीसला लावू. मग कामं सुरू झाली.

“आणि एक्केचाळीसचे भाग?” प्राचीनं विचारलं.

“भट्टीस गेले. साहेब यादी घेऊन भंगार मोजत होते. एक काढलों तर त्या जागीं एक घालावाच लागे.”

“चांगले, धडधाकट भाग?”

“चांगले होते.”

प्राचीला राग आला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय लागतं? जे एक वाचलं होतं, त्याचाही या माणसानं लचका तोडून दिला होता.  ती इंजिनाभोवती फिरून आली. पाचही आकडे तिनं पुन्हा एकदा पाहिले. या वेळी ते तिला चुकांसारखे दिसले नाहीत.

तिनं कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं, ‘या जातीची सहाही इंजिनं या एकात शिल्लक आहेत. शेडमध्ये जागा द्यावी.’ खाली सही केली. बालाजीरावांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि नुसती मान हलवली.

“फिटरांची नावंही पाटीवर घालू,” ती म्हणाली.

बेचाळीस मानाजी, त्रेचाळीस शेषाद्री, चव्वेचाळीस विजयेंद्र. पाचही नावं त्यांनी न अडखळता सांगितली. त्यांतलं आता कुणी नाही, असंही सांगितलं.

प्राचीनं लिहून घेतलं. पण एक गोष्ट तिला अजून टोचत होती.

“एकट्याचंच इंजिन वाचणार होतं,” ती म्हणाली. “त्याचे भाग काढून भट्टीत टाकताना त्या एक्केचाळीसच्या फिटरला तुम्ही विचारलंत तरी का?”

बालाजीराव टाकीवर तळहात ठेवून उभे होते.

“विचारायचें कुणाला, अम्मा?” ते म्हणाले. “एक्केचाळीस माझेंच होतें.”