जोर न धरणारी जेट बोट

"चालू एका फटक्यात होते," नाथा कोळी म्हणाला, "पण पळत नाही. लिव्हर पूर्ण पुढे टाकला तरी म्हशीसारखी चालते. दिवाळीपर्यंत बरी होती."

पोपटने मान डोलावली. कोपरीच्या खाडीत ती निळी जेट बोट बांबूला बांधलेली होती. तिला खाली पंखा नव्हता. पोटाच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, अशी तिची चाल. ओहोटीच्या चिखलातही अडकत नाही म्हणून नाथाने ती त्र्याण्णव साली एका बंद पडलेल्या क्लबकडून जुनी घेतली होती. खाडीची मोजणी करणाऱ्या कंपनीला तशीच बोट वर्षभर भाड्याने हवी होती. साहेब रविवारी बघायला येणार. आज शुक्रवार.

"रविवारी पळाली तर ठीक, नाहीतर भंगारात," नाथाने जाहीर केलं.

त्याची मुलगी मालू पान्यांची पेटी उघडत होती. बोट तीच चालवणार होती.

पोपट हा चौथा. चौघांनाही नाथाची मेहुणी रंभा घेऊन आली होती. मशीनमधलं कळणारी माणसं हुडकण्यात तिचा हात धरणारं ठाण्यात कुणी नव्हतं, आणि दारात आलेल्या माणसाला कामाला लावण्यात नाथाचा.

माजिवड्याचा पहिला मामाला घेऊन आला. पांढरा शर्ट. काठावरूनच म्हणाला, "इंजिन संपलंय, नवीन टाका." शहाडच्याने कार्बुरेटर उघडला, परत बसवला, तेव्हा दोन स्क्रू हातात उरले. ते त्याने गुपचूप स्वतःच्या खिशात टाकले. डोंबिवलीचा मालूला म्हणाला, "पाना द्यायला घरात पुरुष नाही का कुणी?" त्यानंतर मालूने त्याला प्रत्येक पाना चुकीच्या नंबरचा दिला.

मजुरी तिघांनीही मागितली नाही. तळलेले बोंबील खाऊन गेले. काम बघता हिशेब चोख होता.

पोपटबरोबर त्याचा मोठा भाऊ होता. तो नाथाशी ओळखीपाळखी काढत बसला. पोपटने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरला, जाळीत हात घालून एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली. फरक पडला नाही. प्लग काढून पाहिले. स्वच्छ होते.

मग त्याने मालूला विचारलं, "रेस देताना तुम्हाला काय ऐकू येतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ओरडायला लागते, आणि मध्येच गप्प बसते."

"गप्प बसते, की कुणी बसवतं?"

"ते तुम्ही शोधायचं ना!"

पोपट हसला. त्याने कार्बुरेटरची वायर सोडवली आणि झडप हातानेच पूर्ण उघडली. इंजिन असं गरजलं की पलीकडचे बगळे उडाले आणि भावाच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला.

"इंजिन ठणठणीत आहे," पोपट म्हणाला. "लिव्हर पूर्ण टाकला तरी झडप अर्धीच उघडते. वायरमध्ये घोळ आहे."

वायरचा ताण धरणाऱ्या नटाशी तो वाकला. आजूबाजूला सगळा गंज. नटाचे आटे मात्र चकचकीत, वर ताजं ग्रीस. तो बराच वेळ पाहत राहिला. मालूने हातातला पाना दुसऱ्या हातात घेतला.

"काय रे, सापडलं?" नाथाने काठावरून विचारलं.

"वायर ढिली पडलेली, काका," पोपट मान वर न करता म्हणाला. "खाऱ्या हवेत व्हायचंच."

त्याने नट कसला. मालूने बोट सोडली. नाक वर उचलून बोट पुलापर्यंत गेली आणि चहाचा कप विसळून होईपर्यंत परत आली. काठावर नाथा लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता.

"येऊ दे आता साहेबाला! भंगारवाल्याला सांगा, वाट बघू नको म्हणावं!"

बोंबील खाऊन दोघे भाऊ गेले. रंभा मालूजवळ येऊन बसली.

"बोल गं बाई. चार झाले. आता नवीन कारण सांगू नकोस."

मालू पाना पुसत होती.

"तो नट मीच फिरवलेला, मावशी. चौघांसाठी. याला एकट्याला सापडला, आणि बाबाला माझं नाव सांगितलं नाही त्याने. कळव त्यांना, मुलगा पसंत आहे."