वरची खूण, खालची खूण

आईने घशावर बोट ठेवलं आणि मान हलवली. आवाज पार गेला होता.

गाडीखालच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या थोरल्याने वर पाहिलं. बॉनेटखाली वाकलेल्या धाकट्याने खाली पाहायचं टाळलं. आता आली का पंचाईत. चिंधीच्या भांडणापासून दोघे भाऊ एकमेकांशी शब्दाने बोलले नव्हते. गॅरेज चालत होतं ते आईच्या तोंडावर. 'त्याला सांग, हेड उतरवलंय.' 'त्याला म्हणावं, दिसतंय मला.' दोघांमध्ये हातभर अंतर असायचं आणि निरोप मात्र आईमार्फत जायचा. अशा बाईचा घसा बसणार नाही तर काय होणार?

भांडणाचं कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. इंजिन उघडलं की हवेच्या पाइपच्या तोंडात चिंधी कोंबायची, म्हणजे आत कचरा पडत नाही. जोडताना ती काढायची. एका गाडीत ती राहिली. इंजिनने गिळली, गाडी भररस्त्यात गुदमरली आणि गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलून गेलं. चिंधी तुझी, नाही तुझी, यावरून प्रकरण जे पेटलं ते थेट वाटणीपर्यंत. आज संध्याकाळी गवंडी यायचा होता. गॅरेजच्या मधोमध चुन्याची रेघ पडली होती, दाराशी विटा रचल्या होत्या. रेघ खड्ड्यापाशी येऊन थांबली होती, कारण खड्डा कुणाचा हे काही ठरत नव्हतं.

खरा घोळ वडील करून गेले होते. थोरल्याला त्यांनी इंजिनचं खालचं काम शिकवलं: क्रँक, बेअरिंग, पिस्टन. धाकट्याला वरचं: हेड आणि व्हॉल्व्ह. पोरं एकमेकांना सोडून जाऊ नयेत म्हणून की काय, पूर्ण इंजिन त्यांनी एकाच्याही हाती दिलं नाही. भिंत झाली की दोघंही अर्धे कारागीर होणार, या विचाराने आईला झोप लागत नव्हती. "गिऱ्हाईक काय अर्धी गाडी घेऊन येणार आहे?" असं तिने एकदा विचारून पाहिलं. तो कुणाचा निरोप नव्हता, त्यामुळे कुणी ऐकला नाही.

आजची गाडी एका नर्सबाईंची होती. धावता धावता पट्टा तुटला होता. वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांची वेळ हा पट्टा जुळवतो. तो गेला की वेळ चुकते आणि दोघं एकमेकांवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकले होते. धाकट्याने नवे घेतले आणि पेस्ट लावून, घासून घासून त्यांची बैठक नीट केली. थोरल्याने पिस्टनच्या डोक्यावरचे वण नखाने चाचपले, बेअरिंग उघडून उजेडात धरली. सगळं ठीक होतं. दोघांचंही काम चोख. राहिलं होतं ते जुळवणं. नवा पट्टा चढवून इंजिन हाताने फिरवून बघायचं. थोरला खालून पान्याने फिरवणार, धाकटा वरून पट्ट्याच्या चाकावरची खूण बघणार आणि काही चुकलं तर थांब म्हणणार. म्हणजे आईला सांगणार आणि आई थांब म्हणणार.

आई तर गळ्याला मफलर गुंडाळून स्टुलावर बसली होती, गरम पाण्याचे घोट घेत.

शेवटी धाकट्याने पाना उचलला आणि गाडीवर दोनदा वाजवला. याचा अर्थ फिरव. थोरल्याने तो बरोबर ओळखला. इंजिन हळूहळू फिरू लागलं. धाकट्याला वाटलं, हे तर फारच सोपं आहे, आई उगाच इतके महिने घसा फोडत होती. मग त्याची नजर वरच्या खुणेवर गेली. ती चाकाचा एक दात पुढे होती. आता कुठल्याही क्षणी पिस्टन नव्याकोऱ्या व्हॉल्व्हला भिडणार होता. त्याने घाईघाईने पाना वाजवला. थोरल्याला वाटलं, अजून फिरव म्हणतोय. हाताला जड लागलं तसा त्याने खांदा लावला.

"दादा, थांब."

खालचा हात जागच्या जागी थांबला. दादा ही हाक थोरल्याने कितीतरी महिन्यांत ऐकली नव्हती. ती आपल्याला किती हवी होती, हे त्याला खड्ड्यात उभ्या उभ्या कळलं.

"काय झालं?" त्याने खालून विचारलं.

"एक दात सरकलाय. माझ्याकडून."

"मग असा रडका आवाज कशाला काढतोस? पट्टा सैल कर. मी इकडून धरतो."

मग काय, दोघांचीही तोंडं सुटली. येऊ दे, येऊ दे, बस. जरा मागे. अरे, मागे म्हणजे तुझ्या मागे की माझ्या मागे? वरची खूण जुळली, खालची जुळली. इंजिन पुन्हा फिरवलं तर कुठेही अडलं नाही. सगळं जोडून झालं. धाकटा किल्ली लावायला निघाला, तोच थोरल्याने खड्ड्यातून डोकं वर काढलं.

"चिंधी काढलीस?"

धाकट्याने हवेचा पाइप पुन्हा सोडवून पाहिला. चिंधी आतच होती. त्याने ती ओढून काढली.

"मागचीही माझीच असेल," तो म्हणाला.

"असेल. पण तेव्हा मी तरी कुठे विचारलं होतं?"

किल्ली फिरली आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. त्याच वेळी दारात गवंडी येऊन उभा राहिला. थोरला हात पुसत लगबगीने पुढे गेला.

"भिंत नको आता. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

"ते तर आईंनी सकाळीच फोनवर सांगितलं," गवंडी म्हणाला. "मी आपली थापी न्यायला आलोय. काल इथेच राहिली."

दोघा भावांनी एकदम मागे वळून पाहिलं. आई गळ्याचा मफलर सोडत होती.

"सकाळपासून नुसतं उकडत होतं मेलं ह्याच्यात," ती म्हणाली.