घैसासकाकांचा नमुना

काचेच्या बशीत घैसासकाकांच्या लघवीतले जंतू चहूकडे माजले होते. आम्ही ठेवलेल्या अँटिबायोटिकच्या चकत्यांना त्यांनी अजिबात भीक घातली नव्हती. बशी पाहून आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमचा चेहरा उतरला.

"एकही औषध चालत नाहीये. काकांना लगेच ॲडमिट करायला सांग."

मी घाबरत घाबरत काकूंना फोन लावला, स्पीकरवर. "काकू, काका कसे आहेत?"

"ते ना? पत्ते कुटायला गेलेत. बरं वाटतंय, आता लघवीबिघवी तपासायची नाही, म्हणाले. म्हणून तर तुम्ही दिलेली बाटली परत ठेवून गेले तुमच्या टेबलावर."

"परत? अहो, पण ती भरलेली होती!"

"मग काय रिकामी परत करू? आमच्याकडे तशी पद्धत नाही. कैरीचं पन्हं घातलं होतं. प्यायलात ना सगळे?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम बशीवर हळूच झाकण ठेवून फोनजवळ वाकल्या.

"छान होतं, काकू. जरासं आंबलं होतं, इतकंच."

"अगं बाई! थांबा, ताजं करून देते. पण या वेळी बाटली जरा मोठी द्या."