उंबऱ्यावरची राखण

कावळा शिवायला तयार नव्हता.

पिंड मांडून पाऊण तास झाला होता. आंद्रा नदीच्या काठावरच्या करंजावर तीन कावळे बसून होते, पण खाली एकही उतरत नव्हता. ऊन चढलं होतं. दहाव्याला आलेली माणसं घाटाच्या पायऱ्यांवर सावली शोधत सरकत होती.

“बयाबाईला चहा लय लागायचा. कपभर ठेवा की,” कुणीतरी म्हणालं.

“ठेवलाय मगाशीच. बिनसाखरेचा. म्हून रुसली आसंल,” भिमाजी आबा म्हणाले.

दोघंतिघं हसली. साखरेचा चहा आला. कावळे जागचे हलले नाहीत.

बयाबाईचा मुलगा, संदेश, पुढे झाला. मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम ओघळत होता. त्यानं हात जोडले. “आई, खाचरं इकणार न्हाई. तुझी गाय बी इकणार न्हाई.”

काहीच नाही.

“लग्नाचं बोल!” मागून आवाज आला.

“पुढच्या साली लग्न बी करतो, आई.”

एक कावळा उडाला आणि सरळ नदीपलीकडे निघून गेला.

त्याची थोरली बहीण, अनिता, पायरीवर बसून होती. शेजारी सारजाबाई, आईची शेजारीण, दहा दिवस सांगत होती तेच पुन्हा सांगत होती. “मी शेळ्या घिऊन येत व्हते. बगते तर टेकाडावर धोंड्याला टेकून बसलेली. रेंज तितंच येती न्हवं. फोन खाली पडून फुटलेला. कुणाला लावत व्हती, देव जाणं.”

संदेशला लावला नव्हता. तो त्या दुपारी उर्स्याच्या कंपनीत होता, फोन खिशात होता. अनितानं निरोप आल्यावर स्वतःचा मोबाइल दोनदा पाहिला होता. आईचा कॉल नव्हता.

का नव्हता, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं कुणाला काही विचारलं नाही.

दिवाळीला ती आईला न्यायला आली होती. लोणावळ्याला चल, म्हणाली होती. “माझी गाय कोण बगंल?” एवढंच आई म्हणाली. लागोपाठ दोन ड्युट्या करून आलेली अनिता भडकली. “मग काही झालं तर मला फोन करू नकोस.” “न्हाई करायची,” आई म्हणाली. शब्दाला पक्की बाई. शेवटच्या दुपारीही तिनं तो शब्द पाळला.

“आई, सावलीत ये ना.” अनिताची लेक, पिंकी, तिचा हात ओढत होती.

आठ वर्षांची पोर. दहा दिवसांत एकदाही रडली नव्हती. अनिताच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होती. भेटायला येणाऱ्या बायकांना उंबऱ्यावरच अडवत होती. “आई आत्ताच पडलीये. नंतर या.”

अनिता आत पडल्यापडल्या ते ऐकायची. आपलाच आवाज ऐकल्यासारखं वाटायचं.

ती सात वर्षांची असताना आई भातलावणीहून आली आणि चिखलाच्या पायांनी तशीच झोपली. तेवढ्यात मामा चार मैल चालत आला. अनिता उंबऱ्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, “आय रानात गेलीया.” मामा पाणीही न पिता परत गेला. आई नंतर रागावली नाही. उलट सगळ्यांना कौतुकानं सांगत राहिली, “माझी पोर माझ्या झोपंची राखण करती.” पिंकीनं ती गोष्ट आजीकडून किती वेळा मागून ऐकली असेल.

आता तीच राखण पिंकीकडे आली होती. अनिता लोणावळ्यात एका हॉटेलात खोल्या आवरायची. पहाटे पाचला जायची, दोनला येऊन आडवी व्हायची. पिंकी मोबाइल घेऊन दाराशी बसायची. गेल्या महिन्यात सुपरवायझर बाईंनी विचारलं, “काल तीनदा फोन केला. मुलगी म्हणते, आई दळण घेऊन गिरणीत गेलीये. किती गं दळतेस?”

घरी येऊन विचारलं तर पिंकी शांतपणे म्हणाली, “कॉल पण पुसले मी. दिसले की तू परत लावतेस. मग झोपत नाहीस.”

अनिताला हसू आलं होतं. रागवायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. शिवाय कुणावर रागवायचं? नाक बापाचं होतं, बाकी सगळी अनिताच होती.

नाताळची गर्दी सुरू झाल्यापासून तर ती दगडासारखी झोपायची. आई गेली त्या दुपारीही साडेपाचपर्यंत झोपली होती. उठल्यावर किती बरं वाटलं होतं.

“अनिता, तू बोल बाई,” भिमाजी आबा म्हणाले. “लेकीत जीव आडकला आसंल.”

ती उठली. पिंडासमोर उभी राहिली. “आई, दिवाळीला बोलले ते मनात ठेवू नकोस. चुकलं माझं.”

सगळे करंजाकडे बघत राहिले. कावळ्यांनी माना वळवल्या, बस्स.

“दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ,” गुरुजी म्हणाले. “किती वेळ थांबणार?”

“जरा दम धरा,” आबांनी घाटावर नजर फिरवली. “आजून कुणाच्या मनात म्हातारीचं काय ऱ्हायलं आसंल तर बोला बाबांनो. लहान-मोठं काय बी.”

गुरुजींनी दर्भाची काडी उचलली.

तेव्हा पिंकीनं पाण्याची बाटली आईच्या हातात दिली. पुढे जाऊन मोठ्यांसारखे हात जोडले आणि करंजाकडे बघत, उंबऱ्यावर बोलायची तशा हळू आवाजात म्हणाली, “आजी, तुझा फोन आला तेव्हा आई गिरणीत गेली नव्हती. घरातच झोपली होती.”