रिकामा धोटा

मागावरचा धोटा मिनिटाला अठरा वेळा इकडून तिकडे जात होता, पण त्यात लोकरीचा धागाच नव्हता. सुनेत्राने दारातूनच ते पाहिलं.

तालुक्यातल्या कुठल्या गावात विणकामाचा धंदा तगेल, हे आता संगणक मागांचे ठोके मोजून ठरवायचा. गावातला हा शेवटचा माग थांबला, की मेंढ्यांचं कुरण सौरपट्ट्यांना जाणार होतं. संगणकाचे आकडे सरकारतर्फे सुनेत्राच तपासायची. वडिलांचा माग बंद ठरू नये म्हणून तीन वर्षं ती त्यापुढे 'पुन्हा तपासावे' असा शेरा मारत आली होती.

"आप्पा, घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ शिजवली नाही?"

"लावू कशाला? ठोक्यांला?" आप्पा हसले. "तुझ्या यंत्राला कुठं वास येतोय, पोरी!"

त्यांनी रिकामा धोटा पुन्हा फेकला. तिने धोट्यावर हात ठेवला. ठोके थांबले.

"आप्पा, माग बंद झाला, असं मी आज लिहितेय."