दीड फुटावर मुरूम

"कपाट अजून जरा डावीकडे," लतिका म्हणाली. शामसुंदरने खांदा लावला आणि भिंतीतली बोटभर चीर एकदाची झाकली गेली.

बाहेर मोटारसायकल थांबली. हे आठवं गिऱ्हाईक.

मखमलाबादच्या पुढे अर्ध्या एकरावर दोघांनी हौसेनं घर बांधलं, तेव्हा आधी माती तपासून घ्या असं एका ओळखीच्या इंजिनिअरने बजावलं होतं. यांनी तो खर्च वाचवून भारी खिडक्या बसवल्या. आता त्या उघडत नाहीत. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घर तिच्याबरोबर हलतं. गेल्या पावसाळ्यात प्लास्टरचा मोठा पोपडा त्यांच्या लेकीच्या, ओवीच्या उशीवर कोसळला. पोर शाळेत होती म्हणून वाचली.

जागा विकल्याशिवाय दुसरं घर घेणं शक्य नव्हतं, आणि पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. लतिकाची झोप उडाली होती. आधीची सातही गिऱ्हाइकं 'काळी माती' ऐकताच चहासुद्धा न घेता निघून गेली होती. म्हणून शामसुंदरने या वेळी साऱ्या तुकड्यावर मुरूम पसरून घेतला. लाज वाटत होती त्याला. पण लेकीच्या जिवापुढे लाज किती धरायची?

वाल्मीकराव आत आले. साठीचे, डोक्यावर टोपी, पायाला शेताची धूळ. भिंतींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लतिकाला हायसं वाटलं.

"जमीन कशी हाय?" चहाचा कप उचलत त्यांनी विचारलं.

"एकदम पक्की," शामसुंदर म्हणाला.

"आजूबाजूला तर सगळी काळी दिसती."

"आमच्या तुकड्यात नाही," लतिका घाईघाईने म्हणाली. "पाया खणताना दीड फुटावरच मुरूम लागला. पहार चालेना."

"खरं सांगता?"

 हाही हातचा जाणार असं शामसुंदरला वाटलं.

"लेकीची शपथ घेऊन सांगतो, वाल्मीकराव."

लतिकाने दचकून नवऱ्याकडे पाहिलं. असलं काही बोलायचं ठरलं नव्हतं.

"लेकीची शपथ घेतली, म्हणजे विषयच संपला." वाल्मीकरावांनी चहा संपवला आणि फोन करायला अंगणात गेले.

 लतिकाने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. एवढं जमू दे, आयुष्यात परत खोटं बोलणार नाही, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली.

पाच मिनिटांनी वाल्मीकराव दारात आले. आत मात्र आले नाहीत, तिथूनच चप्पल घालू लागले.

"दिंडोरी रोडला दुसरी बघून ठेवलेली जमीन घेतो म्हणून कळवलं. शब्द दिला त्यांना."

"अहो, पण तुम्ही घर तरी कुठं बघितलंत?" लतिकाचा आवाज रडवेला झाला.

"तुम्ही लय सरळ माणसं, ताई. दुसऱ्या कोणी मुरमाचं बोलूनच दाखवलं नसतं." वाल्मीकरावांनी हात जोडले. "घर काय बघायचं, ते तर पाडणारच होतो. आमची शेती रस्त्यात गेली. कोथिंबीर-मेथीला मला काळी माती पाहिजे होती."